जीर्ण वाहन

घरांतील एखादी मोठी वस्तु जुनी झाली म्हणजे आपण सहज म्हणतों, कीं "हिच्या जागीं आतां दुसरी घेतली पाहिजे." या वाक्यांतील 'दुसरी' या शब्दावरून घरोघरीं पुष्कळ वादविवाद होतात, 'जागीं' या शब्दाकडे मात्र कोणाचेंच लक्ष जात नाहीं. जागा म्हणजे काय? ती वस्तु गेल्यावर घरांत जी पोकळी राहील ती, कीं ती वस्तु आणली त्या दिवशीं जी गरज होती ती? आणि ती गरज मधल्या काळांत कोणालाही न सांगतां निघून गेली असेल, तर रिकामी म्हणून जी जागा आपण भरूं पाहतों, ती खरोखर आहे तरी कोठें? हा प्रश्न प्रथम ऐकतांना केवळ शब्दच्छल वाटेल. परंतु कुटुंबासाठीं मोटार निवडण्यांत ज्यानें कांहीं महिने घालविले आहेत, त्याला तो तसा वाटणार नाहीं, अशी माझी खात्री आहे.

तत्त्वज्ञ असल्या विषयांना सहसा हात लावीत नाहींत. सत्य, न्याय, मोक्ष यांच्या पंक्तीला मोटारगाडीचें पान मांडणें त्यांना अप्रशस्त वाटत असावें. वस्तुतः मध्यमवर्गीय गृहस्थाच्या नीतीची कसोटी लागते ती हौतात्म्याच्या प्रसंगीं नव्हे. तसे प्रसंग त्याच्या वांट्याला येतच नाहींत. ती लागते घर बांधतांना, मुलांचीं लग्नें करतांना, आणि अलीकडे गाडी घेतांना. कारण याच वेळीं त्याच्या हातांत एकरकमी पैसा असतो, आणि त्या पैशानें तो केवळ आपलें नव्हे, तर रस्त्यावरील अनोळखी माणसाचेंही बरें-वाईट करूं शकतो. ॲरिस्टॉटलच्या मतें मनुष्य खल करतो तो साधनांविषयीं, साध्याविषयीं नव्हे. वैद्य रोग्याला बरें करावें कीं नाहीं याचा विचार करीत बसत नाहीं, कसें बरें करावें याचा करतो. वाहन हें तर साधनाचें मूर्तिमंत उदाहरण. तेव्हां वाहनाच्या निवडींत साध्य ठरलेलेंच असतें, आणि प्रश्न उरतो तो किंमत, इंधन व टिकाऊपणा यांचा, असें वाटणें साहजिक आहे. माझें म्हणणें याच्या उलट आहे. वीस वर्षें वापरलेलें वाहन बदलतांना साधनांची माहिती कोणीही हौसेनें देतो. हरवलेलें असतें तें साध्य.

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून प्रत्यक्ष उदाहरण घेतों, आणि पूर्ण माहितीचें म्हणून घरचेंच घेतों. आम्ही कन्हानला राहतों. नागपुराहून कामठीवरून जबलपूरकडे जाणारा जुना हमरस्ता कामठीची छावणी मागें टाकून कन्हान नदीवर येतो. नदी ओलांडली कीं आमचें गांव. आसपासच्या कोळशाच्या खाणी, मँगनीजच्या आधारानें उभा राहिलेला लोहमिश्रधातूंचा कारखाना, हावड्याकडे जाणारा लोहमार्ग आणि येथेंच रामटेककडे फुटणारा त्याचा फांटा, यांनीं हें गांव घडविलें आहे. नागपूरकर जें पाणी पितात, त्यांतील बरेंचसें आमच्या नदीचें असतें. त्यांना तें आठवत नाहीं, हा भाग वेगळा. येथून नागपूरच्या महाविद्यालयांत शिकवावयास जाणें हा माझा जवळजवळ तीस वर्षांचा क्रम आहे.

२००५ सालीं आम्हीं एक युरोपीय घाटाची, लांब पाठीची गाडी घेतली. ती कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें कारण नाहीं. तिचे गुणदोष त्या जातीचे म्हणून समजावे. या जातीला अमेरिकन लोक 'स्टेशन वॅगन' म्हणतात, कारण आगगाडीच्या स्थानकावरून उतारू व त्यांचें सामान वाहण्यासाठीं ती प्रथम निघाली. इंग्रज 'इस्टेट' म्हणतात, त्या नांवांत जमीनदाराच्या वाडीचा वास आहे. जर्मनांचा 'कोंबी' हा शब्द अधिक प्रामाणिक, कारण माणसें आणि सामान यांचा मिलाफ एवढाच त्याचा अर्थ. अशा गाडीचें छप्पर मागल्या टोंकापर्यंत सरळ गेलेलें असतें, आणि मागचें आसन आडवें केलें कीं एक मोठें माणूस पाय लांबवून निजूं शकतें. कन्हानला असली गाडी कोणीं पाहिलेली नव्हती. आमच्या शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं पहिल्याच दिवशीं ती नगरपालिकेची शववाहिका समजून, कोण गेलें याची अत्यंत हळुवारपणें चौकशी केली होती.

हिंदुस्थानांत ही जात कधींच रुजली नाहीं. टाटांनीं १९९२ मध्यें 'इस्टेट' काढली आणि २००४ मध्यें 'इंडिगो मरीना'. फियाटची 'सिएना वीकेंड', ओपेलची 'कोर्सा स्विंग', स्कोडाची 'ऑक्टाव्हिया कोंबी' याही नव्या शतकाच्या आरंभाच्या आगेंमागें येऊन गेल्या. 'आगेंमागें' असें म्हणतों, कारण त्या केव्हां आल्या हेंही लोकांना आठवत नाहीं. लोकांना ती मालवाहू गाडीची बहीण वाटे. मागें वेगळी डिक्की असणें म्हणजे 'गाडी', असा समज दृढ होता. पुढें २००६ च्या अंदाजपत्रकानें चार मीटरांहून कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींना अबकारी करांत सवलत दिली, तेव्हां कारखानदारांनीं कराच्या कात्रीनें गाड्यांच्या शेपट्या कापण्यास आरंभ केला. ज्या गाडीचें सर्व मर्म तिच्या शेपटींतच, तिला तेथें थारा कसा मिळावा? वस्तु-सेवा कर आल्यावरही हा भेद राहिला, आणि सप्टेंबर २०२५ मधील फेररचनेनंतर लहान गाड्यांना १८ टक्के व इतरांना ४० टक्के असा तो आहे. लोकांची आवड म्हणून आपण जिला म्हणतों, तिच्यांत कायद्याच्या एका ओळीचा वांटा किती असतो, हें यावरून दिसेल. त्याच सुमारास लोकांचें मन उंचीकडे वळलें. आज देशांत विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून अधिक उंच बांध्याच्या, 'एस्. यू. व्ही.' म्हणविणाऱ्या असतात. आणि मध्यमवर्गाला परवडेल अशी लांब पाठीची नवी गाडी येथें मिळत नाहीं. तेव्हां आमच्या गाडीच्या जागीं तशीच दुसरी घ्यावी, हा मार्ग आधींच बंद होता. माझ्या मतें हें एका परीनें बरेंच झालें. तशी मिळाली असती, तर आम्हीं कांहीं विचार न करितां घेतली असती.

आतां कुटुंबाकडे वळूं. गाडी घेतली तेव्हां घरांत सात माणसें होतीं: माझे आईवडील, वडिलांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आम्ही उभयतां आणि दोन मुलें. कार्तिकी पौर्णिमेला रामटेक, सुटींत पेंचचें जंगल, वर्धेच्या नातेवाइकांकडचीं लग्नें, वर्षाचा गहू आणि तूर, हिवाळ्यांत काटोलकडचीं संत्रीं, हीं सर्व तिनें वाहिलीं. २००९ च्या पावसाळ्यांत एका रात्रीं आईला झटका आला. मागचें आसन आडवें करून, गादी घालून, तिला निजवून आम्हीं नदी ओलांडून नागपूर गांठलें. आई त्यानंतर सात वर्षें जगली. आज वडील नाहींत, आत्या नाहीं, आई नाहीं. मुलगा पुण्यास, मुलगी बंगळुरास. घरांत दोन माणसें आहेत, आणि दारांत सात माणसांची गाडी.

तीही थकली आहे. गिअर घालतांना ती कुरकुरते. एखादा भाग हवा असला तर महिना-महिना वाट पाहावी लागते. पावसांत मागल्या कांचेच्या कडेनें पाणी आंत येतें. आणि चढावर ती जो काळा धूर सोडते, त्यानें मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला तोंड फिरवावें लागतें. महाराष्ट्रांत खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांनीं वाढवितां येते, आणि पंधरा वर्षांवरील गाडीला पर्यावरण कर द्यावा लागतो. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचें शुल्क सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर गेलें. आमच्या गाडीची पहिली वाढीव मुदतही संपली, आणि प्रश्न उभा राहिला.

मिलिंदपञ्हो या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु राजा मिलिंदाला विचारतो, तूं रथांत बसून आलास, तर रथ म्हणजे काय? आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे? जूं म्हणजे? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो, आणि शेवटीं कबूल करतो, कीं या सर्वांच्या जुळणीला व्यवहारासाठीं दिलेलें 'रथ' हें एक नांव आहे. हा संवाद मी वर्गांत अनेकदां शिकविला आहे, आणि मुलांना तो नेहमीं आवडतो. परंतु नागसेनाचा रोख रथावर नव्हताच. रथ हा दृष्टांत होता, खरा विषय माणूस. आमच्या गाडीचीं चाकें, बॅटरी, क्लच, आरसे, पुढची कांच हीं सर्व वीस वर्षांत बदललीं. तरी 'तीच गाडी' म्हणून आम्हीं तिच्यावर माया केली. त्याचप्रमाणें ज्या जुळणीला आम्ही 'आमचें कुटुंब' म्हणत होतों, तिचेही भाग एकेक करून निघून गेले. परंतु नांव तेंच राहिल्यामुळें जुळणी तीच आहे, असा भास टिकला. म्हणून मी असें म्हणतों, कीं जुनी गाडी बदलूं पाहणारा मनुष्य बहुधा नसलेल्या कुटुंबासाठीं खरेदी करीत असतो. सात माणसें मावतील काय, हा प्रश्न आमच्या घरांत तीन महिने चालला होता. सातवें माणूस कोण, हें कोणीही विचारलें नव्हतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. माणूस घरांत छत्री ठेवतो ती वर्षाचे आठ महिने कोपऱ्यांत पडून राहील हें ठाऊक असूनच. २००९ ची ती रात्र वीस वर्षांत एकदांच आली. परंतु त्या एका रात्रीनें गाडीच्या सर्व किमतीची भरपाई केली. तेव्हां उपयोग किती वेळां झाला यावरून वस्तूची योग्यता ठरविणें चूक आहे. हें मला मान्य आहे. तथापि अपवादाचे दिवस दोन प्रकारचे असतात, आणि आपण ते एकत्र मिसळतों. एक प्रकार दिवाळींत मुलें-सुना येतील त्या दिवसांचा. तो आधीं ठाऊक असतो, आणि त्या दिवसापुरती मोठी गाडी भाड्यानें मिळते. वर्षांतील चार दिवसांच्या आनंदासाठीं उरलेले तीनशें एकसष्ट दिवस जास्तीचें लोखंड ओढीत फिरणें, याला दूरदृष्टि म्हणतां येत नाहीं. दुसरा प्रकार त्या रात्रीचा, जी सांगून येत नाहीं. तिच्यासाठीं तरतूद हवी, यांत शंका नाहीं. पण ती तरतूद प्रत्येकानें आपापल्या दारांत करावी काय? २००९ मध्यें आम्हांला दुसरा उपाय नव्हता. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ मध्यें सुरू झाली. ती परिपूर्ण आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु जी सोय सर्वांसाठीं सुधारली जाऊं शकते, तिच्याकडे पाठ फिरवून प्रत्येक सुखवस्तु गृहस्थ स्वतःची रुग्णवाहिका पाळूं लागला, तर ती सुधारावी म्हणून आवाज उठविण्यास कोण उरणार?

आमच्या चिरंजीवांचें मत याहून वेगळें पडलें. फोनवरून तो म्हणाला, "बाबा, तुमच्या वयाला आतां उंच आणि भक्कम गाडी हवी. त्या रस्त्यावरून ट्रक कसे जातात, तुम्हांला ठाऊक आहे." त्याच्या बोलण्यांत प्रेम होतें, आणि खरेंही होतें. बापाच्या जिवाची काळजी करणें हा मुलाचा धर्म आहे. त्याला तराजू घेऊन सर्व मानवजातीचें हित मोजावयास सांगणें मूर्खपणाचें होईल. परंतु रस्त्यावर आम्ही एकटेच नसतों. २०२२ मध्यें देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत शंभरीं सुमारें चव्वेचाळीस दुचाकीवरचीं होतीं आणि एकोणीस-वीस पायीं चालणारीं. म्हणजे मेलेल्यांपैकीं जवळजवळ दोन-तृतीयांश माणसें अशीं, कीं ज्यांच्याभोंवतीं पत्र्याचा एक तुकडाही नव्हता. अमेरिकेंतील विमा कंपन्यांनीं चालविलेल्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनें २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें, कीं ज्या गाड्यांचें तोंड चाळीस इंचांहून उंच असतें, त्यांच्या धडकेंत पादचारी मरण्याचा संभव, तीस इंच वा त्याहून ठेंगण्या व उतरत्या तोंडाच्या गाड्यांपेक्षां सुमारें ४५ टक्के अधिक असतो. कारण उघड आहे: ठेंगणी गाडी पायाला लागते व माणूस वर फेंकला जातो, उंच गाडी छातीला किंवा डोक्याला लागते. लहान मुलाचें तर बोलावयासच नको.

आमच्या रस्त्यावर पहांटे खाणींतून पाळी संपवून परतणारे कामगार असतात, सायकलीवर दूधवाले असतात, कामठीच्या शाळांना जाणारीं मुलें असतात. उंच गाडी घेऊन माझ्या जिवाचा जो धोका कमी होईल, त्यांतील कांहीं भाग नाहींसा होणार नाहीं. तो या लोकांकडे वळेल. धोका विकत घेतां येत नाहीं, पण दुसऱ्याच्या अंगावर ढकलतां येतो, आणि त्याचा दर मोटारीच्या किमतींत मिळवलेला असतो. कीर्तनाला पुढच्या रांगेंतील चार लोक नीट दिसावें म्हणून उभे राहिले, कीं मागचेही उभे राहतात. शेवटीं सर्वांचे पाय दुखतात आणि बुवा कोणालाच अधिक दिसत नाहींत. फरक एवढाच, कीं कीर्तनांत जीं मुलें मागें बसलेलीं असतात, तीं मरत नाहींत. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' या परीक्षेनें गाड्यांना तारे देण्यास सुरुवात झाली, ही चांगली गोष्ट आहे. मात्र हे तारे मुख्यत्वें आंत बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेचे आहेत, हें तारे मोजतांना विसरलें जातें.

तर मग जुनीच कां ठेवूं नये? हा माझ्या वडिलांच्या पिढीचा प्रश्न आहे, आणि मला त्याविषयीं आदर आहे. मोडलें तें दुरुस्त करावें, फाटलें तें शिवावें, ही त्यांची नीति गरिबींतून आली खरी. पण ती केवळ गरिबी नव्हती. नवी गाडी घडवितांना जें पोलाद, जें कांच, जी वीज खर्ची पडते, त्यांचाही धूर कोठें तरी झालेलाच असतो. जो मनुष्य वर्षांतून थोडेच मैल फिरतो, त्यानें जुनी मोडेपर्यंत वापरणें हाच निसर्गावरील कमींत कमी भार होय. पण हा हिशेब सबंध पृथ्वीचा झाला. मागून येणाऱ्या त्या स्कूटरवाल्याचा हिशेब निराळा आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'भारत-६' मानदंडांमुळें नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडविणारी गाळणी आली. आमच्या गाडीच्या जन्मकाळीं असल्या वस्तूची सक्ती नव्हती. काटकसर हा सद्गुण आहे तो आपल्या खर्चानें केली तर. तिचा खर्च परक्याच्या फुप्फुसांनीं द्यावयाचा असेल, तर तिला दुसरें नांव शोधावें लागेल.

मुलगी म्हणाली, विजेची घ्या. नागपूरच्या धरमपेठेंत राहणाऱ्या माणसाला विजेची गाडी निष्पाप वाटणें शक्य आहे. आम्हांला कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांचा शेजार आहे. ती वीज कोठें जन्मते आणि तिची राख कोठें जाते, हें कन्हानच्या माणसाला पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. जुलै २०२२ मध्यें कोराडी केंद्राच्या राखेच्या तलावाचा खसाळ्याजवळील बांध फुटला, तेव्हां ती राख कोलार नदीवाटे कन्हानच्या पाण्यापर्यंत आली. याचा अर्थ विजेची गाडी वाईट असा नव्हे. शहराच्या गल्लींतील धूर तिनें खरोखरच कमी होतो, आणि वीज उद्यां सूर्यापासूनही येईल. पण तिनें धूर नाहींसा केला असें म्हणणें म्हणजे घरांतला केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटून घर स्वच्छ झालें म्हणण्यासारखें आहे. हें शेजाऱ्याच्या अंगणांत राहणाऱ्यानें म्हटलेलें बरें.

या सर्व चर्चेंत सर्वांत नेमका प्रश्न माझ्या पत्नीनें विचारला: "आपण गाडी शोधतों आहों ती कोणासाठीं?" नागपूर मेट्रोच्या २०२२ च्या डिसेंबरांत मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यांत ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हान नदीपर्यंतचा मार्ग आहे. तो पुरा होईल तेव्हां मी कदाचित् निवृत्त असेन. पण तोंपर्यंत आणि त्यानंतरही दोन माणसांना लागेल तें काय? बाजारहाट, कॉलेज, क्वचित् वर्धा. एक लहान, ठेंगणी, पेट्रोलची, परीक्षेंत बरे गुण मिळविलेली गाडी. तिची निवड एका आठवड्यांत झाली, आणि तिच्याविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नाहीं. साध्य सांपडलें कीं साधन किती लवकर सांपडतें, याचें मात्र मला नवल वाटलें.

राहिला जुन्या गाडीचा प्रश्न, आणि माझ्या मतें खरा नैतिक प्रश्न हाच. नवें काय घ्यावें याविषयीं लोक महिनोन्‌महिने खल करतात. जुनें कोणाच्या गळ्यांत बांधावें याचा निकाल एका दुपारींत लावतात. सिसेरोनें कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथांत दोन स्टोइक गुरुशिष्यांचा वाद दिला आहे. घर विकणाऱ्याला घराचे दोष ठाऊक आहेत, घेणाऱ्याला नाहींत. विकणाऱ्यानें ते सांगावे काय? बाबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, मीं तुला घेण्यास भाग पाडलें नाहीं, आणि न बोलणें म्हणजे फसविणें नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, जें तुला ठाऊक आहे आणि ज्यावर दुसऱ्याचें हित अवलंबून आहे, तें झांकणें हेंच फसविणें. सिसेरो शिष्याच्या बाजूचा आहे, आणि मीही. १९७० मध्यें अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनीं जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला, आणि पुढें २००१ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला तो या विचारासाठीं: विकणारे दोष झांकतात म्हणून घेणारे सर्वच गाड्यांना संशयाची किंमत देतात, आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारांत येतच नाहीं. अँटिपेटरचा उपदेश न मानल्याचा दंड, असा हा निबंध वाचतां येतो.

परंतु आमच्या बाबतींत गोष्ट उलटी झाली. गाडी मागावयास आला तो कामठीचा मिस्त्री, ज्याच्या हाताखालून ती गेलीं चौदा वर्षें जात आली आहे. तिचे दोष मला ठाऊक नसतील इतके त्याला ठाऊक. येथें अँटिपेटरला करण्यासारखें कांहींच उरलें नाहीं. झांकावें म्हटलें तरी मी काय झांकणार? मी मनांत ठरविलें होतें, कीं ती भंगारांत द्यावी. २०२१ च्या धोरणाप्रमाणें नोंदलेल्या केंद्रावर गाडी मोडीत दिली, तर ठेव-प्रमाणपत्र मिळतें, आणि त्यावर नव्या गाडीच्या करांत पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट मिळूं शकते. धूरही संपतो. हा निर्णय सर्व बाजूंनीं स्वच्छ होता.

मिस्त्री म्हणाला, "सर, भंगारात नका देऊ जी. मला द्या." त्याच्या घरांत सात माणसें आहेत. वडिलांना आठवड्यांतून दोनदां डायालिसिससाठीं नागपुरास न्यावें लागतें. १०८ ची गाडी अशा नेहमींच्या फेऱ्यांसाठीं नसते, ऑटोंत त्यांना बसवत नाहीं, आणि बसमध्यें चढवत नाहीं. लांब पाठ, आडवें होणारें आसन, खालचा उंबरठा, हें सर्व ज्या माणसासाठीं युरोपांतल्या कोणीं आंखलें होतें, तो माणूस कामठींत होता. इतके दिवस आम्ही गाडीच्या जागीं दुसरी गाडी शोधीत होतों. खरें पाहतां गाडी जागच्या जागीं होती. कुटुंब निघून गेलें होतें, आणि त्याच्या जागीं दुसरें येऊन उभें राहिलें.

आतां धुराचें काय? मीं वर लिहिलें तें मला मागें घ्यावयाचें नाहीं. ती गाडी माझ्याकडे आठवड्यांतून दोनदां निघाली असती. मिस्त्रीकडे ती रोज निघेल, आणि स्कूटरवाला रोज तोंड फिरवील. एका वृद्धाचा सुखाचा प्रवास एका पारड्यांत आणि असंख्य अनोळखी श्वास दुसऱ्यांत, असा हा तराजू आहे, आणि तो धरणारा हात जर प्रामाणिक असेल तर कांपल्याशिवाय राहणार नाहीं. मी मिस्त्रीच्या बाजूनें कौल दिला तो एका कारणानें. श्वासांची संख्या मोठी असली, तरी त्या प्रत्येकाचें नुकसान इतर उपायांनीं कमी करतां येतें: यंत्र नीट करून, फेऱ्या मोजून, तपासणी कडक करून. वृद्धाला बसमध्यें चढविण्याचा उपाय आज कोणाजवळच नाहीं. हें कारण ज्यांना पुरेसें वाटणार नाहीं, त्यांच्याशीं मी वाद घालणार नाहीं. आमच्या घरांतही एक मत विरुद्ध आहे.

पत्नीचें म्हणणें, फुकट द्यावी. मिस्त्रीनें तें मानलें नाहीं. "फुकटच्या गाडीला शिव्या देता येत नाहीत, सर," असें तो म्हणाला. आणि जुन्या गाडीला रोज थोड्या शिव्या द्याव्या लागतात, हें मला अनुभवानें ठाऊक आहे. भंगाराच्या भावानें सौदा ठरला. माझी अट एकच होती, कीं नोंदणीच्या तपासणीला नेण्यापूर्वीं त्यानें इंजेक्टर बदलावे, आणि पुढें दर सहा महिन्यांनीं धुराची तपासणी करून कागद मला दाखवावा. दुसऱ्या अटीला तो हंसला, पण कबूल झाला. तपासणीची तारीख मिळाली आहे. त्यासाठीं लागणारे चार इंजेक्टर तो सध्यां जुन्या बाजारांत शोधतो आहे. तीन मिळाले, चौथा अजून मिळावयाचा आहे.